जेनोआचे दरवाजे कसे पाहावेत: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इटलीतल्या जेनोआच्या जुन्या वस्तीत घराचा दर्शनी भाग डोक्यापासून पायापर्यंत एका नजरेत मावत नाही. गल्ल्या, म्हणजे तिथल्या बोलीतले कारुज्जी, काही ठिकाणी इतक्या अरुंद आहेत की हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतात, आणि घरं सहा-सात मजली. मागे सरायला जागा नसली की दर्शनी भिंत सजवून उपयोग काय? म्हणून तिथल्या व्यापारी घराण्यांनी आपला पैसा, धर्म आणि ऐट दाराच्या चौकटीवर ओतली. हे ध्यानात घेऊन फिरलं तर शहर कळायला लागतं. नुसतं वर बघत चाललं तर मान दुखते आणि हाती काही लागत नाही.

एका दिवसात पन्नास दरवाजे बघण्याच्या फंदात पडू नका. दहा नीट पाहा, प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. दोन अर्धे दिवस पुरतात: एक मध्ययुगीन गल्ल्यांसाठी, दुसरा व्हिया गारिबाल्दी आणि व्हिया बाल्बी या महालांच्या रस्त्यांसाठी. मिलानहून रेल्वेनं दीड ते दोन तास लागतात, त्यामुळे मिलानला मुक्काम ठेवून सकाळी येऊन संध्याकाळी परतणं शक्य आहे. पण मुक्काम जेनोआतच केलात तर सकाळचा उजेड हातात राहतो, आणि तो फार महत्त्वाचा आहे.

निघण्यापूर्वी

आठपट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण घ्या. दारावरचं कोरीवकाम तीन-चार मीटर उंचीवर असतं आणि त्यातल्या आकृत्या वीतभर. नुसत्या डोळ्यांना घोडा आणि माणूस कळतो, चेहरा कळत नाही. जाड तळाचे बूट घाला, कारण पायऱ्या आणि उंबरठे बहुतेक दगडी, झिजून गुळगुळीत झालेले असतात आणि पाऊस पडला की निसरडे होतात. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, पण त्यावरच्या निळ्या ठिपक्यावर विसंबू नका. उंच भिंतींमध्ये उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. कोपऱ्यावरच्या संगमरवरी पाटीवरचं गल्लीचं नाव वाचणं जास्त खात्रीचं.

पत्त्याच्या बाबतीत नवखा हमखास चुकतो. जेनोआत प्रत्येक रस्त्यावर क्रमांकांच्या दोन माळा चालतात. काळे क्रमांक राहत्या घरांच्या प्रवेशद्वारांचे, लाल क्रमांक दुकानांचे आणि गाळ्यांचे. लिहिताना लाल क्रमांकापुढे ‘आर’ हे अक्षर जोडतात. म्हणजे सात आणि लाल सात ही दोन वेगळी दारं, कधीकधी शंभर पावलांच्या अंतरावर. जुन्या घराचा मूळ दरवाजा पुढे दुकानाचा झाला असेल तर त्याच्यावर लाल क्रमांक दिसेल. चांगलं कोरीवकाम असलेली काही दारं अशीच दुकानांच्या डोक्यावर आहेत, हे लक्षात ठेवूनच शोधा.

खालून वर वाचायचं

दारासमोर आलात की सरळ शिखराकडे पाहू नका. क्रम असा ठेवा: उंबरठा, चौकटीचे खांब, आडवी पट्टी, तिच्यावरची कमान किंवा भिंत, आणि सगळ्यात शेवटी आतलं.

उंबरठ्यावरून वापर कळतो. मधोमध खोलगट झिजला असेल तर शतकानुशतकं वर्दळ होती. झिजलेल्या चौकटीखाली उंबरठा मात्र नवा आणि सरळ धारेचा असेल, तर तो बदललेला आहे.

मग दाराच्या फळ्या. मोठ्या दाराच्या एका फळीत माणसापुरता छोटा दरवाजा कापलेला असतो, आपल्या वाड्यांना असतो तसा दिंडी दरवाजा. रोजची ये-जा त्यातून होते. फळ्यांबाबत एक सावधगिरी बाळगा: लाकूड दगडाइतकं टिकत नाही, त्यामुळे १५व्या शतकातल्या चौकटीत कितीतरी नंतरचं लाकूड बसवलेलं सर्रास सापडतं. दाराचं वय ठरवायचं ते दगडावरून. लाकूड, खिळे आणि कड्या यांचं वय वेगळं धरा.

आता आडवी पट्टी. हीच जेनोआची खासियत. तिला सोव्राप्पोर्ता म्हणतात, म्हणजे दरवाज्यावर बसवलेली कोरीव शिळा. वाड्याच्या चौकटीवरच्या गणेशपट्टीच्या जागीच ही येते आणि तिचं कामही तसंच: घराचं रक्षण कोण करतो ते येणाऱ्याला सांगायचं. इथे रक्षक बहुतेकदा संत जॉर्ज असतो, इटालियनमध्ये सान जोर्जो. घोड्यावर बसून तो ड्रॅगनला भाला मारतो आहे. त्याच्या मागेपुढे काय काय आहे ते दुर्बिणीनं शोधा: एका बाजूला प्रार्थना करणारी राजकन्या, कधी मेंढरं आणि मेंढपाळ, लांबवर तटबंदीचं शहर, आणि दोन्ही टोकांना ढाली धरलेली माणसं. संत जॉर्ज हा जेनोआचा संत, पांढऱ्यावर लाल क्रूस हे शहराचं निशाण त्याचंच, आणि १४०७मध्ये सुरू झालेल्या इथल्या सुप्रसिद्ध पेढीलाही त्याचंच नाव होतं. दुसऱ्या काही पट्ट्यांवर संत योहान बाप्तिस्ता, मरियेला देवदूताचा निरोप, किंवा किरणांच्या वर्तुळात येशूच्या नावाची तीन अक्षरं कोरलेली सापडतात.

हे काम करणाऱ्यांत गाज्जिनी घराण्याचं नाव सगळ्यात मोठं. लुगानो सरोवराकाठच्या बिस्सोने गावाहून आलेले हे पाथरवट १५व्या शतकात जेनोआत स्थिरावले. त्यांच्या हाताखालचे आणि त्यांच्या वळणाचे कारागीर इतके होते की एखादी पट्टी नेमकी कुणाची हे ठरवणं अवघड जातं. पाटीवर ‘गाज्जिनींच्या कार्यशाळेतून’ एवढंच लिहिलं असेल तर तेच प्रामाणिक समजा.

दगड ओळखायचे

तीन दगड ओळखता आले की अर्धं काम झालं.

पहिला स्लेट, आपल्या पाटीचा काळा दगड, तिथला आर्देझिया. तो जेनोआच्या पूर्वेला लावान्या आणि फोंतानाबुओना खोऱ्यातून येई. कडेनं पाहिलं की पातळ पदर दिसतात. कोरायला सोपा, पण त्याचा घात करतात ते हेच पदर. समुद्राच्या हवेतला क्षार पदरांत शिरतो, तिथं त्याचे स्फटिक होतात, आणि पापुद्रे सुटतात. संत जॉर्जाचं नाक किंवा घोड्याचा पाय नाहीसा झालेला दिसतो त्यामागे बहुतेकदा हेच कारण. उन्हात स्लेटचा काळा रंगही राखाडी होतो. पट्टी झगझगीत काळी असेल तर तिला अलीकडे तेल किंवा मेण लावलेलं असण्याची शक्यता आहे. हात लावून बघण्याचा मोह टाळा, सुटलेला पापुद्रा नखाच्या धक्क्यानंही पडतो.

दुसरा प्रोमोन्तोरियो टेकडीचा गडद दगड. ही टेकडी शहराच्या दीपस्तंभाजवळची. हा दगड जाड ठोकळ्यांत येतो, त्यात पांढऱ्या शिरा असतात, स्लेटसारखे पदर नसतात. मध्ययुगीन घरांचे तळमजले आणि पट्ट्यापट्ट्यांच्या भिंतींतल्या काळ्या ओळी बहुधा याच दगडाच्या.

तिसरा पांढरा संगमरवर, कारारातून गलबतांनी आलेला. १५व्या शतकाच्या शेवटाकडे आणि १६व्या शतकात श्रीमंत घराण्यांचा कल याच्याकडे झुकला.

काळ कसा ओळखायचा

भिंतीत काळ्या दगडाची टोकदार मोठी कमान विटांनी बुजवलेली दिसली आणि तिच्या पोटात लहान चौकोनी दार असेल, तर तो १२व्या-१३व्या शतकातला मोकळा तळमजला आहे. तेव्हा घरांखाली खांबांवरच्या उघड्या ओसऱ्या होत्या, तिथं माल उतरे आणि सौदे होत. पुढे त्या बंद करून कोठारं आणि दुकानं केली. गिलावा खरवडून हे जुने खांब उघडे ठेवलेली घरं जागोजागी आहेत.

स्लेटच्या चौकटीवर संत जॉर्ज असेल तर १५वं शतक. संगमरवरी चौकट, तिच्या खांबांवर फुलं, दीपदाण्या आणि रोमन सम्राटांची मुखं असलेली वर्तुळं असतील तर १५व्याचा शेवट ते १६व्याची सुरुवात. दाराच्या दोन्ही बाजूंना सुटे गोल खांब, वर मुद्दाम मधे तोडलेली त्रिकोणी कमान किंवा भार पेलणारे दगडी पुरुष दिसले तर १६व्या शतकाचा मध्य ओलांडला. हे ठोकताळे आहेत. एकाच दारात दोन काळ मिसळलेले असणं हे जेनोआत नित्याचं.

ढाली

दगडात रंग नसतो, म्हणून आकार पाठ करा. मुकुटधारी गरुड म्हणजे दोरिया. बुद्धिबळाच्या पटासारखा आडवा पट्टा आणि त्याच्यावर काट्यासारखी खुंटी म्हणजे स्पिनोला. सगळी ढाल हिऱ्याच्या आकाराच्या चौकटींनी भरलेली असेल तर ग्रिमाल्दी. तिरपे पट्टे असतील तर फिएस्की. मध्ययुगात शहरावर हुकमत गाजवणारी ही चार घराणी.

पण चिन्ह दिसलं म्हणून रक्ताचं नातं गृहीत धरू नका. १५२८च्या राज्यकारभाराच्या सुधारणेत सरदार घराण्यांचे २८ गट केले गेले आणि लहान कुळांनी मोठ्या कुळाचं नाव आणि चिन्ह घेतलं. आणि ढाल कोरी, छिन्नीनं सपाट केलेली दिसली तर कारागिराचं काम अर्धवट राहिलं असं समजू नका. १७९७मध्ये नेपोलियनच्या प्रभावाखाली जुनं प्रजासत्ताक कोसळलं, सरदारकी रद्द झाली आणि दारांवरची कुलचिन्हं फोडली गेली. कोरी ढाल हासुद्धा एक दस्तऐवज आहे. जवळ जाऊन तिच्यावरच्या घावांच्या तिरप्या खुणा पाहा.

पहिला अर्धा दिवस: गल्ल्या

मेट्रोनं दे फेर्रारी स्थानकात उतरा आणि पाच मिनिटं चालून पोर्ता सोप्राना गाठा. जर्मन सम्राट बार्बारोसा याच्या भीतीनं ११५५पासून बांधलेल्या तटाचा हा दरवाजा. दोन बुरूज आज इतके नेटके दिसतात त्याचं कारण १९व्या शतकाच्या अखेरीला वास्तुकार आल्फ्रेदो द’आंद्रादे यांनी केलेली दुरुस्ती. कमानीखालचा लॅटिन शिलालेख चुकवू नका. त्याचा आशय असा: शांतता घेऊन आलास तर या दरवाज्यांना हात लाव, युद्ध मागत आलास तर खिन्न आणि पराभूत होऊन परत जाशील. जेनोआनं १२९०मध्ये पिसा या प्रतिस्पर्धी शहराच्या बंदराची साखळी तोडून आणली, तिचे तुकडे शहराच्या दरवाज्यांवर टांगले होते. १८६०मध्ये ते पिसाला परत केले.

तिथून सान लोरेन्झो कॅथेड्रल. समोरचे तीन दरवाजे १३व्या शतकाच्या सुरुवातीचे आणि फ्रेंच गॉथिक वळणाचे आहेत. रंगीबेरंगी संगमरवराचे पीळदार खांब जवळून पाहा, मधल्या दारावर येशू आणि त्याच्या खाली जाळीवर भाजला जाणारा संत लोरेन्झो. त्यानंतर वळसा घालून बाजूच्या भिंतींतले सान जोव्हान्नी आणि सान गोत्तार्दो हे दरवाजे शोधा. बहुतेक लोक समोरचं बघून निघून जातात, पण हे दोन जुने, रोमानेस्क म्हणजे गॉथिकच्या आधीच्या धाटणीचे आहेत. पायऱ्यांवरचे सिंह मात्र १९व्या शतकातले.

आता उत्तरेला पियात्सा सान मात्तेओ. वेळ थोडा असेल तर बाकी सगळं सोडा, इथे मात्र तासभर बसा. दोरिया घराण्याचा हा खासगी चौक, त्यांचं देऊळ आणि भोवती त्यांचीच घरं. देवळाची स्थापना ११२५ची, आजचं रूप १२७८पासूनचं. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवर दोरियांच्या समुद्री विजयांचे लेख कोरले आहेत; गल्लीतला माणूस उभ्यानं वाचेल अशा उंचीवर. चौकाच्या एका बाजूच्या घरावर संत जॉर्जाची गाज्जिनींची पट्टी आहे, सबंध शहरातल्या चांगल्यांपैकी एक. दुसऱ्या घराच्या संगमरवरी चौकटीवर लॅटिन अक्षरं आहेत: सिनेटच्या ठरावानं आंद्रेआ दोरिया याला, मातृभूमीच्या मुक्तिदात्याला, सार्वजनिक भेट. हा जेनोआचा नौसेनापती, १५२८मध्ये शहरानं त्याला हे घर दिलं. असे लेख वाचताना लक्षात ठेवा की ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरतात आणि शब्द निम्म्यात तोडून टिंब देतात, त्यामुळे शब्दकोशात सरळ सापडत नाहीत.

कांपेत्तो चौक ओलांडून व्हिया देल्यी ओरेफिची या सोनारांच्या गल्लीत या. इथल्या एका दारावर बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची पट्टी आहे. बघायचं ते मिरवणुकीतले घोडे आणि नोकर. गल्ली बांकीच्या चौकात निघते, तिथलं सान पिएत्रो देऊळ दुकानांच्या डोक्यावर उभं आहे. दुकानांच्या पैशातून ते बांधून काढलं, व्यापारी शहराला शोभेल असंच. पुढे बंदराकडे पालात्सो सान जोर्जो, म्हणजे संत जॉर्जाचा महाल. त्याचा मागचा भाग १२६०चा, समुद्राकडचा दर्शनी भाग रंगवलेला. जुन्या अंगाच्या दगडांत काही कॉन्स्टँटिनोपलहून आणलेले, व्हेनिसकरांच्या इमारतीचे. मार्को पोलो इथे कैदेत होता असं परंपरा सांगते.

दुसरा अर्धा दिवस: महाल

व्हिया गारिबाल्दी १५५१च्या सुमारास सुरू झाली. लांबी साधारण २५० मीटर, रुंदी ७.५. गल्ल्यांतून आल्यावर मोकळी वाटते, तरी पूर्ण दर्शनी भाग दिसायला समोरच्या भिंतीला पाठ टेकवावीच लागते.

इथल्या आणि आसपासच्या महालांना रोल्ली का म्हणतात ते आधी समजून घ्या. प्रजासत्ताकाकडे पाहुण्यांसाठी सरकारी राजवाडा नव्हता. १५७६मध्ये सिनेटनं सरदारांच्या घरांची यादी केली, अशा यादीला रोल्लो म्हणत, आणि पाहुण्याच्या मानाप्रमाणे घरांच्या प्रती, म्हणजे दर्जे, ठरवले. राजा आला तर पहिल्या प्रतीचं घर, राज्यपाल आला तर खालच्या प्रतीचं. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघे त्याला यजमान व्हावं लागे. २००६पासून यातले ४२ महाल जागतिक वारशात आहेत. म्हणजे यांची दारं अनोळखी, मोठ्या मानाच्या माणसासाठी घडवली गेली, म्हणून ती दिमाखदार आहेत.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेर्कारी महालाच्या दारावर भार पेलणारे दोन दगडी पुरुष पाहा. त्यांची नाकं नाहीत. हवेनं झिजली असं वाटतं, पण तशीच कोरलेली आहेत: अपमान झाल्यावर शत्रूंची नाकंकानं कापणाऱ्या मेगोल्लो लेर्कारी या पूर्वजाच्या आख्यायिकेची ती आठवण. सातव्या क्रमांकावर निकोलोसियो लोमेल्लिनोचा महाल, फिकट निळ्या भिंतीवर पांढऱ्या चुन्याची शिल्पं. नवव्या क्रमांकावर तुर्सी महाल, १५६५पासूनचा, आता नगरपालिका. कामकाजाच्या वेळी याच्या अंगणात जाता येतं, आणि जेनोआच्या घराची रचना कळायला याच्याइतकं सोपं ठिकाण नाही. जमीन चढाची असल्यामुळे रस्त्यावरचं दार, मग दालन, मग पायऱ्या, वर अंगण, पुन्हा पायऱ्या अशी चढत जाणारी ओळ बांधली. दारातून पाहिलं की उजेडाकडे नजर जाते. म्हणून या रस्त्यावर दार उघडं असताना एकदा आणि बंद असताना एकदा, असं दोनदा या. उघड्या दारात घर दिसतं, बंद दारात दार.

रस्त्याच्या पूर्व टोकाला फोंताने मारोसे चौकात स्पिनोला देई मार्मी हा १५व्या शतकाचा महाल आहे, काळापांढरा, कोनाड्यांत घराण्यातल्या पुरुषांचे पुतळे. चौकट बघून झाली की जवळच्या पोर्तेल्लो चौकातून १९०९च्या लिफ्टनं कास्तेल्लेत्तोला जा. वरून स्लेटची छपरं दिसतात आणि गल्ल्या किती दाटीनं बसल्या आहेत ते कळतं. शेवटी व्हिया बाल्बी पाच: विद्यापीठाची इमारत, १७व्या शतकाची, वास्तुकार बार्तोलोमेओ बियांको यांची. जिन्याच्या पायथ्याशी संगमरवराचे दोन सिंह. विद्यापीठ चालू असेल त्या दिवशी आत जायला कुणी हरकत घेत नाही, आवाज मात्र करू नका.

आत शिरताना

बहुतेक जुने महाल आज अनेक बिऱ्हाडांचे आहेत. रहिवासी दार उघडतो तेव्हा त्याच्यामागून सटकू नका, आणि अनोळखी बिऱ्हाडाची घंटा तर मुळीच वाजवू नका. दारवान दिसला तर ‘बॉनजोर्नो’ म्हणा, दालनाकडे बोट दाखवून ‘पेर्मेस्सो?’ विचारा. नाही म्हणाला तर ‘ग्रात्सिए’ म्हणून निघा. परवानगी मिळाली तरी जिना चढू नका आणि टपालपेट्यांवरची नावं फोटोत येऊ देऊ नका. एरवी बंद असलेले महाल आतून बघायचे असतील तर रोल्ली डेज या उपक्रमाच्या तारखा आधी पाहून ठेवा. वसंतात आणि शरदात होतात, त्या दिवसांत ठरावीक घरं खुली असतात.

प्रे गल्ली आणि मादालेनाच्या आसपास दुकानं बंद झाल्यावर वर्दळ विरळ होते. तो भाग दिवसाच करा, पिशवी पुढे ठेवा.

फोटो

खालून वर कॅमेरा रोखला की चौकटीचे खांब आत झुकलेले येतात. अरुंद गल्लीत ते टाळता येत नाही, म्हणून पूर्ण दाराचा एक फोटो घेण्याऐवजी तीन घ्या: उंबरठा आणि फळ्या, पट्टी, वरची कमान. स्लेट काळी असल्यामुळे फोन उजेड वाढवतो आणि शेजारचा पांढरा गिलावा पांढराफटक पडतो. पट्टीवर बोट ठेवून प्रकाश तिथं मोजू द्या, मग थोडा कमी करा. समोरून फ्लॅश मारलात तर नक्षीचा सगळा उठाव सपाट होतो. कोरीवकाम उठून दिसतं ते कडेनं येणाऱ्या उजेडात, आणि गल्लीत तो दिवसातून थोडाच वेळ उतरतो. ढगाळ दिवशी उजेड मऊ आणि सारखा असतो, त्या दिवशी गल्ल्या करा. ऊन असेल तर महालांचा रस्ता करा.

प्रत्येक फोटोनंतर लगेच गल्लीचं नाव आणि क्रमांक, काळा की लाल, दोन्ही वहीत लिहा. हॉटेलवर जाऊन लिहू म्हणाल तर संत जॉर्जाचे आठ फोटो निघतील आणि कोणता कुठला ते सांगता येणार नाही.